शिक्का मारणारा हात

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये एक अगदी छोटा प्रसंग आहे. न्यायालयात एका बाईंची केस पुकारली जाते. त्या पुढे येतात. न्यायाधीश त्यांच्या बिनबाह्यांच्या पोशाखाकडे पाहतात, असा पोशाख इथे चालत नाही म्हणतात आणि पुढची तारीख देऊन मोकळे होतात. कुणाचा आवाज चढत नाही, कुणी हुज्जत घालत नाही, लगेच दुसरी केस सुरू होते. कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसलेला आहे. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजलेल्या आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या या सिनेमाचं सगळं बळ त्याच्या या ठाण मांडण्यात आहे. लोकशाहीर नारायण कांबळे यांचं गाणं ऐकून वासुदेव पवार नावाच्या गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला, असा आरोप आहे. वासुदेवची बायको साक्षीला येते आणि साध्या, थकलेल्या आवाजात सांगते, की खाली उतरण्याआधी तो खडा टाकून बघायचा, झुरळ बाहेर येतं का ते. झुरळ जिवंत असेल तर आत हवा आहे, उतरायला हरकत नाही. एवढं ऐकूनही खटला आपल्या संथ चालीने पुढे सरकत राहतो. आपण जणू मागच्या बाकावर बसून हे पाहत असतो आणि आपल्याला उठून काहीही करता येत नाही. ते काहीच करता न येणं मला या सिनेमाचा खरा गाभा वाटतं.

आता यंत्रणेच्या याच कोरडेपणाला हात घालणारा एक व्हिडिओ गेम घेऊ. ल्यूकस पोप यांनी जवळजवळ एकट्याने तयार केलेला 'पेपर्स, प्लीज' २०१३ साली आला. साल १९८२, आर्स्टोट्स्का नावाचा एक काल्पनिक, पोलादी शिस्तीचा देश, आणि सरहद्दीवरच्या चौकीत बसलेला एक तपासनीस. तो तपासनीस म्हणजे खेळणारा. समोर खिडकी, खाली एवढंसं टेबल. माणूस येतो, पासपोर्ट सरकवतो. आपण नाव, तारीख, फोटो, मोहोर जुळवून बघायची आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. पहिल्या दिवशी काम सोपं असतं. पुढे प्रवेश परवाना येतो, ओळखपत्र येतं, कामाचा दाखला येतो, रोज सकाळी नवा नियम येतो. टेबल मात्र वाढत नाही. कागदांवर कागद चढतात, नियमांचं पुस्तक त्यांच्याखाली जातं, घड्याळ पळत असतं. दर तपासलेल्या माणसामागे पाच नाणी मिळतात. दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ, तिसरीपासून दंड. संध्याकाळी हिशेब मांडायचा: घरभाडं, जेवण, घर ऊबदार ठेवायचा खर्च, मुलाला ताप असेल तर औषध. अशातच एक नवरा येतो, त्याचे कागद चोख असतात. जाताना तो विनवतो, मागून बायको येतेय, तिला सांभाळून घ्या. बायको येते, तिच्याकडे परवाना नसतो. परत पाठवलं तर जिवाला धोका आहे असं ती सांगते. लाल शिक्का की हिरवा?

या प्रश्नाला कुणी कसंही उत्तर दिलं तरी माझा मुद्दा त्या उत्तरापाशी नाही. तो त्याच्या आधीच्या क्षणापाशी आहे. ती बाई बोलत असताना खेळणाऱ्याच्या मनात पहिला हिशेब येतो तो असा: आज माझ्या किती चुका झाल्यात? दोन माफ चुकांपैकी एक शिल्लक असेल, तर दया फुकट पडते. शिल्लक नसेल, तर दया पाच नाण्यांना पडते. खेळणारा मुळात दुष्ट नसतो, पण पंधरा-वीस मिनिटांत तो समोरच्या माणसाकडे कागदांची चळत म्हणून बघू लागतो. पुढे चौकीवरचा एक शिपाई येऊन सांगतो, की तू जितक्यांना अटक करायला लावशील तितका मला भत्ता, त्यातला थोडा वाटा तुझा. मग फोटोतला आणि चेहऱ्यातला किरकोळ फरकसुद्धा फार मोठा वाटू लागतो. 'कोर्ट'मधले न्यायाधीश इतके कोरडे कसे, असा प्रश्न तो सिनेमा पाहून पडतो. हा गेम त्या कोरडेपणाची कृती आपल्याच हातून करून घेतो.

सिनेमा आणि गेम यांवरची मतं आपण एकाच तागडीत तोलतो, ते मला इथे चुकीचं वाटतं. मराठीत सिनेमावर बोलायची भाषा चांगली मुरलेली आहे. पटकथा सैल आहे, अभिनय नाटकी आहे, शेवट ओढून आणलाय, हे कट्ट्यावर बसलेला कुणीही सहज म्हणतो. फिल्म सोसायट्यांनी आणि नियतकालिकांनी ही भाषा कित्येक वर्षं घडवली. गेमबद्दल बोलायची वेळ आली की मात्र आपण तीच भाषा उसनी घेतो: ग्राफिक्स जबरदस्त आहेत, स्टोरी भारी आहे, सिनेमाच बघतोय असं वाटतं. शेवटचं वाक्य तर कौतुक म्हणून म्हटलं जातं. या निकषांवर 'पेपर्स, प्लीज' नापास होईल. त्यातली चित्रं ठोकळ्यांची आणि मळकट आहेत, संवाद दोन-दोन ओळींचे आहेत, कथानक चार ओळींत सांगून संपतं. तरी तो गेल्या काही वर्षांतल्या फार महत्त्वाच्या कलाकृतींपैकी एक आहे असं मी ठामपणे म्हणेन, कारण त्याचं म्हणणं त्याच्या नियमांत आहे. गेमविषयी मत बनवताना पहिला प्रश्न हा विचारावा, की हा खेळ माझ्या हातांना काय करायला लावतो, आणि तो जी गोष्ट सांगतोय तिच्याशी त्या करण्याचं नातं काय?

या म्हणण्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप रॉजर एबर्ट यांचा आहे. अमेरिकेतल्या या नामवंत चित्रपट समीक्षकाने २०१० साली लिहिलं, की व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकणार नाहीत. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: खेळ जिंकता येतो, त्याला नियम असतात, गुण असतात, कलाकृती अनुभवायची असते. शिवाय लेखकाने विचारपूर्वक ठरवलेला शेवट वाचकाच्या हाती सोपवला, तर लेखकाचं काम उरलं काय? काही महिन्यांनी त्यांनीच कबूल केलं, की न खेळलेल्या गोष्टीवर असं विधान करायला नको होतं. पण त्या माघारीच्या आडोशाला जाऊन सुटका करून घेऊ नये, कारण आक्षेपात तथ्य आहे. खेळणाऱ्याला सगळं स्वातंत्र्य दिलं तर अर्थ पातळ होतो, हे खरंच आहे. फक्त चांगला गेम स्वातंत्र्य देतच नाही. ल्यूकस पोप यांनी टेबलाची रुंदी ठरवली, दोन माफ चुका ठरवल्या, औषधाची किंमत ठरवली. दिग्दर्शकाने कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरवावं, तितकंच ते विचारपूर्वक केलेलं काम आहे. शेवट कुठला होईल हे लेखकाने सैल सोडलं असेल; कुठल्या दबावाखाली होईल हे त्याने घट्ट धरून ठेवलंय.

मग कुणी उलट बाजूने विचारेल, की सगळं नियमांतच असेल तर गोष्ट हवी कशाला? बुद्धिबळाला कुठे गोष्ट लागते? याचं उत्तर आपल्या घरातल्या सापशिडीत आहे. तिचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट, जो मराठी परंपरा ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. त्या पटावर शिड्यांना सद्गुणांची नावं होती आणि सापांना दुर्गुणांची. कवड्या टाकायच्या, पडेल ते दान भोगायचं, आणि अगदी वरच्या घरात पोचल्यावरही एखाद्या अहंकाराच्या तोंडी सापडून थेट खाली यायचं. ती घसरण कीर्तनात ऐकणं वेगळं आणि आपली सोंगटी स्वतःच्या बोटांनी खाली आणणं वेगळं. पुढे तो खेळ इंग्लंडला गेला, हळूहळू घरांतली नावं पुसली गेली, आणि आज स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या घडीच्या पटावर नुसते आकडे उरलेत. नियम जवळजवळ तेच राहिले, तरी अर्थ गेला. म्हणजे नियम एकटा बोलत नाही आणि गोष्टही एकटी पुरत नाही. दोघांची गाठ बसावी लागते. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी १९०४ साली एका खेळाचं पेटंट घेतलं. जमीनमालकी काही थोड्यांच्या हातात गेली की बाकीचे कसे भिकेला लागतात, हे दाखवण्यासाठी तो होता. त्यातूनच पुढे मोनोपोली आला आणि आपल्याकडचा व्यापार. सुट्टीत व्यापार खेळणारी मुलं दुसऱ्याचं दिवाळं निघालं की टाळ्या पिटतात, कारण नियमांभोवतीची गोष्ट बदलली गेली.

ही गाठ किती सुंदर बसू शकते ते पाहायचं असेल तर फुमितो उएदा यांचा 'शॅडो ऑफ द कोलॉसस' पाहावा. २००५ साली प्लेस्टेशन २ वर आलेला हा जपानी गेम आहे. मेलेल्या मुलीला परत आणण्यासाठी एक तरुण ओसाड प्रदेशात येतो. सोबत फक्त घोडा. सोळा महाकाय जीव मारायचे, एवढंच काम. मधे किरकोळ शत्रू नाहीत, गाव नाही, दुकान नाही. त्या जिवांच्या अंगावर चढायचं, केस मुठीत धरायचे आणि एक बटण दाबून ठेवायचं. बटण दाबलेलं आहे तोवर पकड आहे. जीव अंग झटकतो, पकडीचं वर्तुळ लहान होत जातं, बोट खरोखर दुखायला लागतं. मग तलवार उगारायची, आणि तो पर्वताएवढा देह कोसळतो. एरवी गेममध्ये अशा वेळी विजयाचा नाद वाजतो. इथे शोकाचं संगीत वाजतं, आणि काळे धागे येऊन त्या तरुणाच्या अंगात शिरतात. त्या जिवांपैकी काही तर आपण हात लावेपर्यंत आपल्या वाटेलाही जात नाहीत. सातव्या-आठव्या वेळेपर्यंत बोटाला झालेली सवय आणि मनातली अस्वस्थता एकमेकांविरुद्ध ओढू लागतात. सिनेमात नायकाच्या हट्टाची कीव येऊ शकते. इथे बटण दाबून ठेवलेलं असताना तो हट्ट आपला झालेला असतो.

याच्या उलट उदाहरण 'अनचार्टेड' मालिकेचं. नॉटी डॉग या स्टुडिओचे हे गेम दिसायला देखणे, संवाद चुरचुरीत, नायक नेथन ड्रेक हसरा आणि दिलदार. हाच हसरा माणूस खेळभर शेकडो माणसं गोळ्या घालून मारतो आणि पुढच्या प्रसंगात विनोद करतो. गोष्ट एक सांगते, हात दुसरंच करतात. ही विसंगती बनवणाऱ्यांनाही ठाऊक होती. २०१६ सालच्या चौथ्या भागात हजार शत्रू मारले की मिळणाऱ्या बक्षिसाला त्यांनी या विसंगतीसाठी समीक्षेत रूढ असलेलंच नाव दिलं. दोष माहीत असणं म्हणजे तो दुरुस्त करणं नव्हे. २०२२ साली यावर सिनेमा आला तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटला, कारण दोन तासांत इतकी माणसं मारावी लागत नाहीत. पण सिनेमाच्या नकलेवर उभ्या राहिलेल्या गेमची परत सिनेमात केलेली नक्कल, असं काहीसं फिकं त्यातून हाती आलं.

पण गेमवरून केलेली चित्रकृती उत्तम होऊ शकते, हे 'द लास्ट ऑफ अस'ने दाखवलं, आणि माझ्या मुद्द्याची खरी परीक्षा इथे होते. त्याच स्टुडिओचा २०१३ सालचा गेम, त्यावर २०२३ साली आलेली मालिका, आणि मालिका अनेकांना गेमइतकीच आवडली. मग फरक उरला कुठे? मालिकेचा तिसरा भाग बघा. बिल आणि फ्रँक या दोन पुरुषांचा अनेक वर्षांचा संसार त्यात आहे: बागेत लावलेल्या स्ट्रॉबेरी, आजारपण, शेवटचं जेवण. गेममध्ये यातलं काही नाही. तिथे बिल एकटा आणि तिरसट आहे, फ्रँक भेटतो तो मेलेलाच. मालिका सर्वांत उंच गेली ती खेळणाऱ्याच्या हाताला काहीच काम नाही अशा ठिकाणी. संसार बघायचा असतो, शेजारी बसून. आता शेवट घ्या. इस्पितळात एका मुलीच्या शस्त्रक्रियेची तयारी झालीय. तिच्या मरणातून कदाचित जगासाठी औषध मिळेल, आणि गोष्टीचा नायक जोएल तिला सोडवायला निघालाय. मालिकेत गोळ्यांचे आवाज दबके होतात, वर संगीत येतं, आपण सुन्न होऊन बघतो. गेममध्ये डॉक्टर हातात छोटी सुरी धरून समोर उभा राहतो आणि खेळ थांबून राहतो. खेळणाऱ्याने त्याला मारल्याशिवाय पुढचं काहीच घडत नाही. नको असेल तर कंट्रोलर खाली ठेवता येतो, एवढीच वाट आहे. याला निवड म्हणता येणार नाही हे मान्य. मात्र ते कृत्य कुणी केलं, या प्रश्नाचं उत्तर मालिका बघणाऱ्याला जितकं सोपं जातं तितकं गेम खेळणाऱ्याला जात नाही.

'पेपर्स, प्लीज'वरही २०१८ साली एक छोटा रशियन सिनेमा निघाला, जेमतेम दहा मिनिटांचा. तपासनिसाची भूमिका करणाऱ्या इगोर सावोच्किन यांचा दमलेला, ओढलेला चेहरा गेममधल्या ठोकळ्यांना कधीच साधणार नाही असं बरंच काही देऊन जातो. चेहरा मिळाला, शिक्का गेला. मला दोन्ही हवेत. फक्त पहिल्याचं माप दुसऱ्याला लावायचं नाही.

खेळ हातांना काय करायला लावतो, हे माप घेऊन आता आपल्या जवळच्या गेमकडे वळायला हवं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' २०२० साली आला आणि भारतीय गेम म्हणून त्याचं जगभर स्वागत झालं. राखीच्या सणाला असुर मुलांना पळवून नेतात आणि डोंबारी खेळ करणारी राजी आपल्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. गोष्ट विष्णू आणि दुर्गा सांगतात, सावल्यांच्या बाहुल्यांतून. भिंतींवर पुराणकथांची चित्रं, महालांना राजस्थानी घाट. डोळ्यांना हा खेळ फार देतो, आणि इतक्या लहान चमूने हे उभं केलं याचा आनंद मनापासून आहे. त्याच आनंदापोटी पुढचं बोलायला हवं. राजी डोंबारीण आहे हे हातांना कळतं ते भिंतीवरून धावताना आणि खांबाला गिरकी घेताना, आणि तिथे खेळ खुलतो. पण ती बहीण आहे हे हातांना कुठेच कळत नाही. असुरांशी लढाई सुरू झाली की ती परदेशी गेममध्ये शंभरदा केलेलीच लढाई असते. भाऊ हरवल्याची कासाविशी सगळी निवेदनात राहते, नियमात उतरत नाही. 'भारतीय' हे विशेषण चित्रात आलं, खेळात यायचं राहिलं.

गेमला कला म्हणण्यावर एबर्ट यांच्याहून रोखठोक आक्षेप पालक घेतात: कसली कला, पोरं तासन्‌तास मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, पैसे उडवतात. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी घरं बुडाली, म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांवर बंदी घालणारा कायदा केला. पण इथेही नियम बघायची सवयच उपयोगी पडते. रोज हजेरी लावली नाही तर काहीतरी गमावशील अशी भीती घालणारा, हरल्यावर लगेच पैसे भरून वाचण्याची सोय देणारा, बक्षीस कधी मिळेल हे मुद्दाम धूसर ठेवणारा खेळ चित्रांवरून ओळखू येत नाही. चित्रं गोजिरवाणी असतात. मुलाला 'किती वेळ खेळलास' इतकंच विचारणाऱ्या घरात 'पेपर्स, प्लीज' आणि असा सापळा यांची किंमत एकच होते. 'त्यात काय करावं लागतं, दाखव बरं' असं विचारलं तर दहा मिनिटांत फरक समोर येतो.

आता पुन्हा 'कोर्ट'मधल्या त्या झुरळाकडे येतो. मराठीत त्यावर गेम कुणी करायला घेतलाच, तर पहिली कल्पना सुचेल ती खेळणाऱ्याला गटारात उतरवण्याची: अंधार, वायू, संपत चाललेला श्वास. मला ती चुकीची वाटते. ज्याचा जीव जातो त्याच्या मरणाची थरारक कसरत करणं अशोभनीय आहे, आणि आपल्यातले बहुतेक जण त्या जागी कधी नसतातच. आपण असतो ते टेबलाच्या या बाजूला. सुरक्षेची साधनं दिल्याशिवाय माणूस गटारात उतरवू नये असा कायदा २०१३ पासून आहे. तो मोडला जातो तो एका नोंदवहीत, एका सहीने. म्हणून खेळणाऱ्याला मुकादम करावं. सकाळचे सात, समोर हजेरीपट, पावसाळा तोंडावर. तुंबलेल्या गटारांच्या नऊ तक्रारी, वरून साहेबांचा फोन, स्टोअरमध्ये दोन मास्क आणि उतरायला तयार पाच माणसं. प्रत्येकाच्या नावापुढे साधनं मिळाल्याची खूण करायची आणि खाली सही करायची.